निवतीकडच्या किनाऱ्यावर एक रात्र: कोल्हापूरहून केलेल्या मुक्कामाच्या नोंदी

६ डिसेंबर २०२५, शनिवार

ठरलं एकदाचं. दरवर्षी मालवण-तारकर्लीला जायचं, अर्धा दिवस गाडी लावायला जागा शोधायची आणि उरलेला अर्धा थाळीच्या रांगेत काढायचा, याचा कंटाळा आला होता. यंदा हॉटेल नाही, रिसॉर्ट नाही. तंबू ठोकून एक रात्र काढायची, तीही जिथं गाडी जात नाही अशा ठिकाणी. माणसं चार: मी, मेव्हणा, चुलतभाऊ (आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो) आणि सातवीतला पुतण्या.

तारीख मेव्हण्यानं काढली. "दाजी, तीन जानेवारी घेऊया. शनिवार आहे, पौर्णिमा आहे. बॅटरी पण लागायची नाही." भिंतीवरच्या कॅलेंडरात खरंच पौष पौर्णिमा होती. सगळे खूश. पौर्णिमा म्हणजे चांदणं, एवढंच चौघांच्या डोक्यात आलं. पंचगंगेच्या काठची माणसं आम्ही. आमचं पाणी पावसाळ्यात वाढतं आणि दिवाळीला उतरतं. ते दिवसातनं दोनदा वर-खाली होतं हे शाळेत शिकलो होतो तेवढंच.

१४ डिसेंबर, रविवार

जागा बघायला मी आणि मेव्हणा मोटारसायकलवरनं जाऊन आलो. राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली, कुडाळ आणि तिथनं परुळे. घरापासून १७४ किलोमीटर भरले, पाच तास लागले. पेट्रोल ८०० रुपये.

जागा भोगवे आणि वेंगुर्ल्याच्या मधली आहे. नेमकं नाव लिहीत नाही, कारण वाडीतल्या लोकांनी तशी विनंती केली. गेल्या वर्षी कुणीतरी येऊन बाटल्या फोडून गेलं होतं. वाडीपासून एक टेकाड समुद्रात घुसलंय, त्याच्या पलीकडे ही पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. मागं सुरूची आणि उंडीची झाडं, केवड्याचं रान, वर जांभ्याचा सडा, म्हणजे उघडा खडकाळ माळ. आम्ही टेकाडाला खालनं वळसा घालून, खडकांवरनं उड्या मारत १५ मिनिटांत पोचलो. दुपारचा दीड वाजला होता. पुळण एवढी रुंद की मेव्हण्यानं पावलं मोजली: झाडांपासून पाण्यापर्यंत ७२. "इथं चार तंबू मारा, वर क्रिकेटची मॅच घ्या," म्हणाला.

वहीत लिहिलं: वाट सोपी, जागा भरपूर. दोन्ही वाक्यं तीन आठवड्यांनी खोटी ठरली.

एक बरं केलं, येताना पोलीस पाटलांना भेटलो. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर किनाऱ्यावरच्या गावांत अनोळखी माणसांवर लक्ष असतं, आणि ते असावंच. त्यांनी चौघांची नावं, गाडीचा नंबर लिहून घेतला, पोलीस ठाण्याला आपण कळवतो म्हणाले, आणि दोन अटी घातल्या. वाळूत शेकोटी नाही, आणि पाण्याच्या बाजूला रात्री मोठा उजेड नाही. नोव्हेंबर ते मार्च कासवं अंडी घालायला वर येतात. उजेड दिसला की मादी परत फिरते.

२१ डिसेंबर, रविवार

तंबूची तालीम. भाड्याचा तंबू एका दिवसासाठी आधीच आणून बघितला, चार माणसांचा, पण झोपली तर तीनच. गच्चीवर खुंट्या मारता येईनात. गल्लीच्या तोंडाला एका बांधकामाचा वाळूचा ढीग होता, त्यात मारून बघितल्या. नऊ इंची लोखंडी खुंट्या अशा बसल्या की काढताना दादाला दोन्ही हात लावावे लागले. गल्लीतली पोरं गोळा झाली, एका मावशींनी विचारलं, "घर विकलं काय रं?"

निष्कर्ष: खुंट्या पुरतात. साफ चुकीचा. तो ढीग क्रश सँडचा होता. फोडलेल्या दगडाची वाळू, कण कोनाचे, एकमेकांत अडकून बसतात, वर ती ओली होती. समुद्राची कोरडी वाळू गोल कणांची. तिच्यात खुंटी म्हणजे लोण्यात सुरी. हे आम्हाला तिथं गेल्यावर कळलं. सुदैवानं दादानं सिमेंटची चार रिकामी पोती "असू देत" म्हणून पिशवीत कोंबली होती.

२८ डिसेंबर, रविवार

खरेदी. लक्ष्मीपुरीतनं ताडपत्री ८५० रुपये, दोरी ३१० रुपये. गॅसचे छोटे डबे तीन, ५४० रुपये. २० लिटरचा पाण्याचा कॅन ३५० रुपये. माणशी दिवसाला चार लिटर धरलं, त्यात स्वयंपाक आला. पाण्याबाबत कंजुषी करू नका, पण २० लिटर एकाच कॅनमध्ये नेऊ नका. का ते पुढं येईल.

जेवणावरनं घरात भांडण. मेव्हण्याला कच्चं मटण मसाला लावून बर्फात न्यायचं होतं. बायको म्हणाली, "घाटातच बर्फ वितळंल, आणि मग तुम्ही त्याचं काय करणार, समुद्रात सोडणार?" शेवटी सुकं मटण घरीच शिजवून, दाटसर करून न्यायचं ठरलं. सोबत कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, भडंग, कांदे-लिंबं. हा एक निर्णय पहिल्यापासून शेवटपर्यंत बरोबर ठरला.

३ जानेवारी २०२६, शनिवार

*सकाळ.* पाचला निघायचं होतं, सहाला निघालो. राधानगरीत चहा, कणकवलीत नाष्टा. नवीन वर्षाची गर्दी मालवणच्या फाट्याला वळली आणि आमचा रस्ता मोकळा झाला.

*११:२०.* वाडीत पोचलो. एका घराच्या अंगणात गाडी लावली. पैसे घेईनात, म्हणून गुळाची ढेप दिली. सामान पाठीवर घेऊन टेकाडाच्या पायथ्याशी आलो तर वाट नाही. जिथनं आम्ही उड्या मारत गेलो होतो ते खडक दिसतच नव्हते. लाटा थेट कड्यावर आपटत होत्या. मेव्हणा म्हणाला, "जागा चुकली काय?" जागा तीच होती. समुद्र दुसरा होता.

*११:४५ ते १:३०.* वरनं, सड्यावरनं गेलो. ऊन, सावली नाही, जांभ्याच्या कपारी चपलेला लागतात. कॅनचा नंबर दर दोनशे पावलांनी बदलायचा असं ठरलं होतं. दादाच्या तिसऱ्या पाळीला कॅनची मूठ तुटली. कॅन दगडावर पडला, कोपऱ्यात बोटभर चीर. आम्ही तो आडवा धरून, चीर वर करून पळालो. तरी निम्मं पाणी सड्यानं प्यायलं. पुतण्या मागनं ओल्या रेघेवर पाय ठेवत येत होता, त्याला मजा. दादा परत वाडीत जाऊन २४० रुपयांच्या बाटल्या घेऊन आला. त्यात सव्वा तास गेला. पाच-पाच लिटरचे चार कॅन घेतले असते तर एक फुटून तीन उरले असते.

*३:००.* पाणी उतरायला लागलं होतं. दुपारच्या भरतीची खूण वाळूत स्पष्ट होती: ओलसर पट्टा, त्याच्या कडेला शेवाळ, सुरूच्या काड्या, एक चप्पल, थर्माकोलचे तुकडे. त्या रेघेच्या वर दहा मोठी पावलं मोजून तंबू मारायचं ठरवलं. आम्हाला वाटलं, फार सावध आहोत.

खुंट्या उपसून यायला लागल्या. मग पोती. पोत्यात तिसरा हिस्सा वाळू भरायची, तोंड बांधायचं, पोत्याच्या कमरेला दोरी, दीड हात खोल खड्ड्यात आडवं गाडायचं आणि वर पाय देऊन दाबायचं. दोरी जमिनीला जितकी लागून जाईल तितकं बरं. उभी ओढली तर पोतं वर येतं. चार पोत्यांवर तंबूचे चार कोपरे असे बसले की मेव्हण्यानं लोंबकळून बघितलं. तंबूचं दार समुद्राकडं केलं, नजारा दिसावा म्हणून.

*संध्याकाळ.* साडेपाचला समुद्र पार लांब गेला, पुन्हा क्रिकेटचं मैदान. पोहलो, कमरेच्या पुढं कुणीच नाही, पोराला हाताशी धरून. दोन पट्टीचे पोहणारे आहेत आमच्यात, पण रंकाळा तलावात पोहणं आणि इथं पोहणं यात फरक आहे. तटरक्षक दलाचा १५५४ नंबर फोनमध्ये साठवला होता. रेंज मात्र फक्त सड्यावर.

शेगडी पेटली, पण मटण कोमट होईना. खारा वारा ज्योत आडवी करत होता. पहिला गॅसचा डबा नुसता वाऱ्याला गेला. तेलाचा जुना पत्र्याचा डबा एका बाजूनं कापून आडोसा करायचा, हे पुढच्या वेळेसाठी लिहून ठेवतो. त्या दिवशी तिघं ताडपत्री धरून उभे राहिलो आणि चौथ्यानं ढवळलं.

सूर्य समुद्रात गेला आणि थोड्या वेळानं मागच्या टेकाडावरनं चंद्र आला. त्या दिवशी चंद्र नेहमीपेक्षा जवळ होता, वर्तमानपत्रांनी सुपरमून म्हणून छापलंही होतं. केवड्याची सावली वाळूवर पडलेली. दूर वेंगुर्ला रॉक्सवरचं दीपगृह ठरावीक वेळानं लुकलुकत होतं. पुतण्या वाळूतल्या पांढऱ्या खेकड्यांच्या मागं धावून दमला. ते त्याला भुलवून बिळात शिरत आणि दुसऱ्या बिळातनं बघत. भाकरी आणि सुकं मटण वाळूसकट खाल्लं. दादा एरवी फार बोलत नाही, तो म्हणाला, "नाद खुळा." दहाला झोपलो.

*११:२५.* पायाला गार लागलं. वाटलं दव. मग तंबूच्या तळाखाली काहीतरी सरकल्यासारखं झालं आणि आवाज आला, कुणीतरी शेजारी बसून दीर्घ श्वास घेतल्यासारखा. दार उघडलं. दारासमोर समुद्र. पुढची लाट आत आली.

घाबरायला वेळ नव्हता. मेव्हण्यानं पोराला खांद्यावर घेऊन झाडांकडं धूम ठोकली. मी आणि दादा तंबू आतल्या अंथरुणासकट उचलायला गेलो, आणि तो उचलेना. चार पोत्यांनी आपलं काम चोख केलं होतं. गाठी ओल्या, सुटत नव्हत्या. कांदे कापायच्या सुरीनं दोऱ्या कापल्या. शेगडी, एक पातेलं आणि माझी डावी चप्पल गेली. शेगडी दहा मिनिटांनी लाटेनंच आणून टाकली, पातेलं नाही.

उंडीखाली ताडपत्री पसरून चौघं बसलो. पाणी त्यानंतर आणखी वर आलं नाही. थोडा वेळ तिथंच घोटाळलं आणि उतरायला लागलं. चांदण्यात सगळं स्वच्छ दिसत होतं, आणि खरं सांगायचं तर फार सुंदर दिसत होतं. पण ते कुणी बोललं नाही.

४ जानेवारी, रविवार

*पहाटे.* तीनच्या सुमाराला वारा फिरला. रात्री जमिनीकडनं समुद्राकडं वाहणारा मतलई वारा पाठीवर यायला लागला, थंड. अंथरुणं ओली. पोराला दोन जर्किनांत गुंडाळलं. कोकणात कसली थंडी, म्हणून घोंगडी घरी ठेवली होती.

*५:३०.* पुळणीच्या टोकाकडनं एक छोटा लाल उजेड आला. गावातले एक काका, कासवमित्र म्हणून काम करतात. रोज पहाटे कासवाचा माग बघत फिरतात, अंडी सापडली की जाळीच्या कुंपणात हलवतात. त्यांनी आमची अवस्था बघितली, वाळूतला तंबूचा खड्डा बघितला.

"तुमी हयसर तंबू घातलास? आणि पौर्णिमेक?"

मी शेवाळाच्या रेघेचं, दहा पावलांचं गणित सांगितलं.

"ती दुपारची खूण. थंडीत रातचा पाणी जास्त चढता, पावसात दिवसाचा. दुपारची खूण बघून कोण निजता?"

मग त्यांनी हिशोब शिकवला, जो कोळी लोकांत पोराटोरांना येतो. तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं. येईल ती पूर्ण भरतीची वेळ, सकाळची तीच साधारण रात्रीची. पौर्णिमा म्हणजे १५. पंधरा त्रिक ४५, भागिले चार, सव्वाअकरा. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी सगळ्यात वर चढतं आणि सगळ्यात लांब जातं; अष्टमीच्या आसपास भांग, चढ-उतार कमी.

मी वाळूवरच बोटानं १४ डिसेंबरचा हिशोब घातला. त्या दिवशी दशमी होती. दहा त्रिक ३०, भागिले चार, साडेसात. म्हणजे ओहोटी दीडला. आम्ही बरोबर दीडला येऊन, भांगाच्या दिवसात, ७२ पावलं मोजून गेलो होतो. आणि काल सव्वाअकराच्या सुमाराला, उधाणाच्या दिवशी, टेकाडाखालनं वाट शोधत होतो. एवढं अचूक चुकायला पण नशीब लागतं.

काका जाताना वेलीपाशी थांबले. वाळूवर पसरलेली, जाड पानांची, पानं बकरीच्या खुरासारखी मधे दुभंगलेली. आम्ही दोन दिवस तिच्यावरनं ये-जा करत होतो. "हिचा नाव म्हायत असा? मर्यादवेल." बास, एवढंच. वेल जिथं सुरू होते तिथपर्यंत खारं पाणी रोज येत नाही, आलं असतं तर ती तिथं तगली नसती. आमचा तंबू तिच्या खाली सात पावलं होता.

*सकाळ.* पोती उकरायला गेलो. दोन मिळाली, दोन नाहीत. लाटांनी वाळू इकडची तिकडं केली होती. प्लास्टिकची पोती तिथं सोडून यायची लाज वाटली, तासभर खणलं, शेवटी पोरगं रडायला लागलं म्हणून निघालो. बाकी सगळा कचरा, आमचा आणि वाटेत सापडलेला थोडा, पोत्यातनं परत आणला.

६ जानेवारी, मंगळवार

हिशोब. पेट्रोल २,६००. तंबूचं भाडं १,२००, आणि दुकानदारानं अनामतीतले ६०० कापले: चेनमध्ये मीठ आणि वाळू बसून ती जाम झाली, दोऱ्या कापलेल्या. त्याच्याशी वाद घातला नाही. तो बरोबर होता. ताडपत्री ८५०, दोरी ३१०, गॅस ५४०, कॅन आणि बाटल्या मिळून ५९०, किराणा आणि मटण १,९००. एकूण ८,५९० रुपये, माणशी २,१५० च्या आसपास. पातेलं आणि चप्पल धरलेली नाही. पातेलं कुठं गेलं हे बायकोला अजून सांगितलेलं नाही.

शेगडीचा बर्नर दोन दिवसांत तांबूस झाला. गोड्या पाण्यानं त्याच दिवशी धुवायला हवी होती. आम्ही ती तशीच डिकीत टाकून आणली. आता रॉकेल लावून घासतोय. ज्यांना पुढं वापरायची आहे त्यांनी वाडीतल्या विहिरीवरच शेगडी, चेन, खुंट्या, चाकू सगळं धुऊन घ्यावं. वीस मिनिटांचं काम.

२६ जानेवारी, सोमवार

परत गेलो होतो, कालच्या रथसप्तमीला. या वेळी तारीख मी काढली. सप्तमी, सात त्रिक २१, भागिले चार, सव्वापाच. म्हणजे ओहोटी अकराच्या सुमाराला. पहाटे पाचला निघालो, खरंच पाचला, आणि साडेदहाला टेकाडाच्या पायथ्याशी होतो. खडक उघडे. १५ मिनिटांत पलीकडं. पाणी पाच लिटरच्या चार कॅनमध्ये, दोघांच्या दोन्ही हातांत एकेक.

तंबू वेलीच्या मागं, उंडीखालच्या मोकळ्या जागेत, वेल न चिरडता. दार आडवं ठेवलं, समुद्राकडंही नाही आणि डोंगराकडंही नाही, म्हणजे संध्याकाळचा वारा आणि पहाटेचा वारा दोन्ही बाजूनं निघून जातात. तेलाच्या डब्याचा आडोसा चालला. एका गॅसच्या डब्यात दोन वेळचं जेवण झालं. घोंगड्या नेल्या होत्या. चूक एकच: वर उंडीची फळं होती, आणि ती रात्रभर तंबूवर टपाटपा पडत होती. पहिल्या फळाला मेव्हणा उठून बसला आणि "पाणी आलं!" म्हणून ओरडला.

अर्धा चंद्र मध्यरात्रीनंतर समुद्रात उतरला आणि मग जे तारे दिसले ते पौर्णिमेला दिसले नव्हते. पहाटेच्या भरतीला मी बॅटरी न लावता वेलीपाशी जाऊन बसलो होतो. पाणी बरंच खाली थांबलं.

सकाळी हरवलेल्या दोन पोत्यांपैकी एकाचं तोंड वाळूतनं वर आलेलं दिसलं. आत वाळू तशीच, आमचीच गाठ. रिकामं करून, धुऊन आणलं. दुसरं नाही मिळालं. कासवमित्र काकांना सांगून ठेवलंय, दिसलं तर ते काढतील.